मेणाखालची किल्ली

(भैरवगढ, उज्जैन येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

मार्च २०२३ मध्ये भैरवगढचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. निमित्त इथल्या कालभैरवाच्या मंदिराचे नव्हते आणि इथल्या छापील कापडाचेही नव्हते. इथल्या मध्यवर्ती कारागृहातील कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीतून कोट्यवधी रुपये परस्पर काढले गेल्याचे उघडकीस आले आणि तत्कालीन अधीक्षकांसह काहींना अटक झाली. कोणाचा दोष किती, हे न्यायालय ठरवील. आजच्या व्याख्यानाला त्या प्रकरणातला एकच तपशील पुरेसा आहे. या पैशासाठी कोणी भिंत फोडली नाही की तिजोरी उचकटली नाही. व्यवहार झाले ते कोषागाराच्या संगणकप्रणालीतून, रीतसर दिसणाऱ्या मार्गाने.

सरकारी कचेरीत ज्याने चार दिवस काढले आहेत, त्याला यात नवल वाटणार नाही. कागदावर बिल तयार करणारा एक, तपासणारा दुसरा आणि मंजूर करणारा आहरण-संवितरण अधिकारी तिसरा. प्रत्यक्षात साहेबांचा पासवर्ड बाबूला पाठ असतो, कारण साहेब दौऱ्यावर असतात आणि महिनाअखेर कोणासाठी थांबत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल खणात असतो आणि त्याचा पिन डोंगलवरच चिकटपट्टीने लावलेला असतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला. स्वाक्षरीची खासगी किल्ली डोंगलमधल्या चिपेतून बाहेर पडू नये, अशी तांत्रिक तजवीजही पुढे झाली. ती चिप आपले काम इमानाने करते. तिच्या पाठीवरच्या चिकटपट्टीचा बंदोबस्त मात्र कोणत्याही मानकात नाही.

माणसाला जे गुपित ठाऊक असते ते तो सांगू शकतो, विकू शकतो, विसरू शकतो, आणि कोणी दरडावले तर देऊनही टाकतो. मग एखादे गुपित कोणालाच ठाऊक नसेल, मालकाला नाही, यंत्र चालवणाऱ्याला नाही, ज्याने ते यंत्र बसवले त्या अभियंत्यालाही नाही, आणि तरीही त्या गुपिताने रोजचे काम निर्वेध चालत असेल, तर? लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, अशी सोय २०११ पासून आहे. तिचे नाव ‘ट्रस्टेड की’. आपण तिला विश्वस्त किल्ली म्हणू.

आधी अडचण कुठे होती ते पाहिले पाहिजे. लॅपटॉपची किंवा सर्व्हरची डिस्क कूटबद्ध करणे आज फार अवघड राहिलेले नाही. एईएस नावाची पद्धत २००१ पासून प्रमाणित आहे, ती उघडपणे छापलेली आहे आणि आजवर कोणी तिला सरळसरळ मोडू शकलेले नाही. तिची सर्वांत लांब किल्ली म्हणजे ३२ बाइटचा एक यादृच्छिक आकडा. म्हणजे कुलूप भक्कम आहे आणि प्रश्न उरतो तो त्या ३२ बाइटांच्या मुक्कामाचा. संगणक चालू असताना किल्ली स्मृतीत असते, ते अटळ आहे. संगणक बंद झाल्यावर ती कुठे ठेवायची? लॅपटॉप असेल तर मालक सकाळी परवलीचा शब्द टाइप करतो आणि त्यातून किल्ली मोकळी होते. पण रात्री तीन वाजता वीज जाऊन आलेल्या सर्व्हरसमोर कोण बसलेले असते? रस्त्याकडेच्या एटीएममध्ये, रेशन दुकानातल्या यंत्रात, विजेच्या स्मार्ट मीटरमध्ये दररोज पासवर्ड टाइप करायला कोणाला नेमणार? मग अभियंता नाइलाजाने किल्ली त्याच डिस्कवरच्या एका फाइलीत ठेवतो आणि ती फाइल कोणाला दिसणार नाही अशी आशा करतो. निविदेत ‘डेटा पूर्णपणे कूटबद्ध’ असे छापून येते. यंत्र चोरणाऱ्याला कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत मिळतात.

कर्नेलने या किल्ल्यांची जबाबदारी टप्प्याटप्प्याने स्वतःकडे घेतली. डेव्हिड हॉवेल्स यांनी लिहिलेली किल्ल्या सांभाळण्याची व्यवस्था २००४ च्या अखेरीस, २.६.१० या आवृत्तीत आली. तिच्यामुळे प्रोग्रामांना किल्ली फाइलीत न ठेवता कर्नेलच्या ताब्यात देता येऊ लागली. तरीही किल्ली जन्माला यायची बाहेरच, कोणत्या तरी प्रोग्रामच्या हातात. तिथून ती आत जायची आणि वाटेत कोणी डोकावले तर दिसायची. मार्च २०११ मध्ये २.६.३८ ही आवृत्ती निघाली. तिच्यात आयबीएमचे डेव्हिड सॅफर्ड आणि मिमी झोहार यांनी किल्लीचे दोन नवे प्रकार आणले, ट्रस्टेड आणि एन्क्रिप्टेड. यांतली किल्ली कर्नेलच्या आतच जन्मते. बाहेरच्या जगाला दिसते ते फक्त तिचे कूटबद्ध गाठोडे.

हे जवळून बघण्यासारखे आहे. संगणकासमोर बसलेला माणूस ‘कीसीटीएल’ ही आज्ञा देतो: विश्वस्त प्रकारची एक किल्ली तयार कर, नवी, ३२ बाइट. कर्नेल मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या चिपेकडून यादृच्छिक आकडा घेते. हीच किल्ली. मग कर्नेल चिपेला सांगते की ही तुझ्या मूळ किल्लीखाली बंद करून दे. ती मूळ किल्ली चिपेच्या बाहेर कधीच पडत नाही, त्यामुळे तिने बंद केलेले गाठोडे जगात दुसरी कोणतीही चिप उघडू शकत नाही. माणसाने आता ‘किल्ली दाखव’ असे म्हटले, तर पडद्यावर सोळाच्या पायावरच्या अंकांची लांबलचक ओळ येते. ते गाठोडे आहे, किल्ली नव्हे. प्रशासकाचे सर्वाधिकार वापरून विचारले तरी कर्नेल तेच गाठोडे पुढे करते. गाठोडे फाइलीत ठेवा, पेन ड्राइव्हवर घ्या, हवे तर छापून भिंतीवर लावा. पुढच्या वेळी संगणक सुरू झाला की गाठोडे कर्नेलकडे द्यायचे, कर्नेल ते चिपेकडे देते, चिप उघडते आणि किल्ली कर्नेलच्या स्मृतीत येऊन कामाला लागते. डिस्कच्या कूटलेखनाला ती लागली, तर वापरणाऱ्याला कळतही नाही.

टीपीएम हे नाव बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकले ते २०२१ मध्ये, विंडोज ११ ने त्याची सक्ती केली आणि चालू स्थितीतले लाखो संगणक एका फटक्यात ‘जुने’ ठरले तेव्हा. नखावर मावेल एवढी ही चिप मुळात संथ आहे. म्हणूनच मोठे काम तिच्यावर टाकत नाहीत. ती एकच विश्वस्त किल्ली उघडते आणि त्या किल्लीच्या आधाराने एन्क्रिप्टेड प्रकारच्या कितीही किल्ल्या कर्नेल स्वतःच्या वेगाने उघडते. सॅफर्ड आणि झोहार यांनी दोन प्रकार एकदम का आणले, त्याचे हे उत्तर.

चिपेच्या अंगी आणखी एक गुण आहे आणि खरी मौज तिथे आहे. तिच्यात साधारणतः चोवीस नोंदकप्पे असतात. त्यांत थेट काही लिहिता येत नाही आणि संगणक चालू असेपर्यंत लिहिलेले खोडता येत नाही, फक्त भर घालता येते. संगणक सुरू होताना प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचे मोजमाप करून त्याचा आकडा कप्प्यात टाकतो: आधी बायोस, मग बूटलोडर, मग कर्नेल. नवा आकडा जुन्या आकड्याशी मिसळून त्याचा हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा गणिती ठसा, काढला जातो, त्यामुळे क्रम बदलला किंवा मधला एक बाइट जरी बदलला तरी शेवटचा आकडा पार वेगळा येतो. किल्ली बंद करताना अट घालता येते की या कप्प्यांत अमुक आकडे असतील तरच उघडायची. कोणी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली, तर चिप वेगळी. त्याच संगणकावर स्वतःचे बनावट कर्नेल चढवले, तर कप्प्यांतले आकडे वेगळे. दोन्ही वेळा चिप गप्प राहते.

आता ही चिप प्रत्येक यंत्रात नसते. हातातले बायोमेट्रिक यंत्र, सेट टॉप बॉक्स, मोटारीतला छोटा संगणक यांत टीपीएम लावणे खर्चिक पडते. तिथे एआरएम प्रोसेसरच्या आतच एक राखीव खोली असते. ट्रस्टझोन या सोयीमुळे एकाच प्रोसेसरवर दोन वेगळी जगे चालतात, आणि नेहमीच्या जगातल्या कर्नेललाही राखीव जगातले दिसत नाही. विश्वस्त किल्लीसाठी टीपीएमऐवजी ही खोली वापरण्याचे काम लिनारो संस्थेतले सुमित गर्ग यांनी केले आणि ते २०२१ मध्ये ५.१३ या आवृत्तीत आले. या कामाने एक मोठी गोष्ट साधली. तोवर विश्वस्त किल्ली म्हणजे टीपीएम असे समीकरण होते. आता मुळाशी कोणते यंत्र आहे, हे वेगळे निवडता येऊ लागले. पुढच्याच वर्षी, ५.१९ मध्ये, पेन्गुट्रॉनिक्सचे अहमद फातूम यांनी एनएक्सपी कंपनीच्या चिपांमधले सीएएएम हे कूटलेखन-यंत्र जोडले. २०२४ मध्ये, ६.१० या आवृत्तीत, एनएक्सपीच्याच स्वस्त चिपांमधले डीसीपी हे तसलेच यंत्र आले. या चिपांत कारखान्यातच सूक्ष्म फ्यूज जाळून एक आकडा कोरलेला असतो. तो पुन्हा बदलता येत नाही.

रेशन दुकानात किंवा कियोस्कवर अंगठा लावताना हा विषय आपल्या बोटाखाली असतो. आधार प्राधिकरणाने बायोमेट्रिक यंत्रांच्या दोन पातळ्या ठरवल्या आहेत. एल-शून्य यंत्रात बोटाच्या ठशावर स्वाक्षरी करण्याचे आणि तो कूटबद्ध करण्याचे काम जोडलेल्या संगणकावरचे सॉफ्टवेअर करते. एल-एक यंत्रात ते राखीव खोलीत होते आणि संगणकावर बसलेल्याला ती खासगी किल्ली मिळवण्याचा मार्ग नसतो. ठसा चोरून पुन्हा पुन्हा वापरण्याचे प्रकार वाढल्यावर प्राधिकरणाने एल-शून्य यंत्रे टप्प्याटप्प्याने बाद करायला घेतली. कियोस्कवाल्यांनी कुरकुर केली, कारण नवे यंत्र त्यांच्या खिशातून आले. कुरकुर रास्त होती. निर्णयही रास्त होता.

पण ही सगळी सोय अभेद्य आहे का? भैरवगढला बाटिक शिकवायला नको. क्षिप्राकाठी छिपा कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आले आहेत. गरम मेण कापडावर ओतले की त्याखालचे कापड रंगापासून वाचते. पण रंगाच्या हौदात कापड चुरगळले की मेणाला बारीक तडे जातात, रंग त्यांतून आत शिरतो, आणि ती रेघांची जाळी म्हणजेच बाटिकची शोभा. हार्डवेअरच्या सुरक्षेचेही असेच आहे. मेण खरोखर रंग अडवते, तडेही खरोखर जातात. फरक एवढाच, की इथे त्या रेघांचे कोणी कौतुक करत नाही.

तड्यांचा इतिहास चांगलाच भरगच्च आहे. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवले की वीज गेल्यावर संगणकाची स्मृती तत्काळ पुसली जात नाही. धूळ उडवण्याचा हवेचा डबा उलटा धरून स्मृतीच्या चिपा उणे पन्नास अंशांच्या आसपास गार केल्या, तर दहा मिनिटांनंतरही एक टक्क्याहून कमी बिट बिघडलेले असतात. तेवढ्या वेळात चिप काढून दुसऱ्या संगणकात लावायची आणि किल्ली वाचायची. २०१० मध्ये ख्रिस टार्नोव्स्की यांनी इन्फिनिऑन कंपनीच्या टीपीएमचे कवच आम्लाने विरघळवले, सूक्ष्मदर्शकाखाली सुया टेकवून आतले गुपित वाचले आणि अमेरिकेतल्या एका परिषदेत ते सांगितले. त्यासाठी महिनोन्‌महिने आणि महागडी प्रयोगशाळा लागली, हे खरे. २०१७ चा तडा अधिक गंभीर निघाला. चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले की इन्फिनिऑनच्याच सॉफ्टवेअर लायब्ररीने तयार केलेल्या आरएसए पद्धतीच्या किल्ल्या अंदाज बांधता येईल अशा होत्या. चिप फोडायचीही गरज नव्हती, सर्वांना उघड असलेली सार्वजनिक किल्ली पुरत होती. टीपीएम चिपा या कचाट्यात सापडल्याच, शिवाय एस्टोनियातली सुमारे साडेसात लाख ओळखपत्रे अडचणीत आली आणि सरकारला त्यांची प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली.

आणि सर्वांत स्वस्त तडा फेब्रुवारी २०२४ चा. एका संशोधकाने हजार रुपयांहून कमी किमतीची रास्पबेरी पाय पिको ही पट्टी घेतली, एका जुन्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवरच्या संपर्कबिंदूंना टेकवली आणि ४३ सेकंदांत विंडोजच्या डिस्क-कूटलेखनाची किल्ली पकडली. चिप शाबूत होती. तिच्यातून प्रोसेसरकडे जाणाऱ्या तारांवरून किल्ली उघडी चालली होती, एवढेच. लिनक्सनेही हा धडा घेतला. चिप आणि कर्नेल यांच्यातले बोलणे कूटबद्ध करण्याचे जेम्स बॉटम्ली यांचे काम त्याच वर्षी ६.१० मध्ये सामील झाले.

एक तडा मात्र विश्वस्त किल्लीच्या रचनेतच आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. गाठोडे उघडल्यावर किल्ली कर्नेलच्या स्मृतीत उघडी असते. साध्या प्रोग्रामला ती मिळत नाही, पण ज्याने कर्नेलच ताब्यात घेतले त्याच्यापासून ती सुरक्षित नाही. यावरचा पुढचा टप्पा एरिक बिगर्स यांच्या कामातून २०२५ मध्ये मुख्य कर्नेलमध्ये आला. त्यात डिस्कचे कूटलेखन करणारे हार्डवेअर स्वतःच गाठोडे उघडते आणि कर्नेलला मूळ किल्ली कधी दिसतच नाही. अँड्रॉइडच्या काही फोनांत ही पद्धत आधीपासून होती. म्हणजे गुपित न जाणणाऱ्यांच्या यादीत आता खुद्द कर्नेलचाही समावेश झाला.

इथे कोणी विचारील की मदरबोर्ड जळला तर काय? तर डेटा गेला. चिप दया दाखवत नाही. बायोस अद्ययावत केला तरी कप्प्यांतले आकडे बदलतात आणि प्रामाणिक मालकापुढेही दार बंद होते. म्हणून पुनर्प्राप्तीची वेगळी किल्ली हवी, ती वेगळ्या जागी हवी, आणि ती तिथे आहे हे अधूनमधून तपासायला हवे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावत आवृत्तीने जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले आणि त्यांची छायाचित्रे गाजली. त्यामागची तांत्रिक रडकथा कमी लोकांनी वाचली. यंत्र दुरुस्त करायला डिस्कची पुनर्प्राप्ती किल्ली टाकावी लागत होती, आणि काही ठिकाणी त्या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती तोही तसाच बंद पडला होता.

आता मूळ प्रश्नाकडे. भविष्य निर्वाह निधीच्या प्रकरणासारखे काही विश्वस्त किल्लीने थांबले असते का? प्रस्तुत वक्त्याचे स्पष्ट मत आहे की नाही. विश्वस्त किल्ली सहजी चोरीला जात नाही, पण अधिकार असलेल्याने ती गैरवापरायचे ठरवले तर ती मुकाट काम करते. कर्नेलला बिल खरे की खोटे ते कळत नाही. हार्डवेअर विकणारे हे सांगत नाहीत आणि खरेदी समित्या विचारत नाहीत. तरी चिपेने एक मोठी पळवाट बुजते: ‘पासवर्ड कोणीतरी पाहिला असेल’ ही सबब. यंत्राला बांधलेली किल्ली फोनवर सांगता येत नाही आणि चिठ्ठीवर लिहिता येत नाही. व्यवहार कोणत्या यंत्रावरून झाला, हे पक्के राहते, आणि मग चौकशीला माणसापर्यंत पोहोचायला थोडेच अंतर उरते. उरलेले काम लेखापरीक्षकाचे. एकाच कर्मचाऱ्याच्या खात्यातून वारंवार अग्रिम निघतो आहे, हे ओळखायला कोणतीही चिप लागत नाही.

राणोजी शिंद्यांच्या काळापासून उज्जैनीत मराठी घरे आहेत. कालभैरवाच्या मस्तकावर शिंदेशाही पगडी चढते ती त्याच नात्याने. या घरांतली आजची मुले इंदूर-पुण्याच्या कंपन्यांत संगणकावर काम करतात, काही इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतात. त्यांच्यासाठी एक सूचना. हे सगळे करून पाहायला खरी चिपही लागत नाही. एसडब्ल्यूटीपीएम नावाचे फुकट सॉफ्टवेअर टीपीएमचे सोंग हुबेहूब वठवते. क्यूएमयू या सॉफ्टवेअरमध्ये एक आभासी लिनक्स उभे करा, त्याला हे सोंग जोडा, विश्वस्त किल्ली बनवा, कप्प्यांची अट घाला, मग बूटलोडरमधला एक शब्द बदला आणि दार बंद होते ते स्वतः बघा. एक रविवार पुरतो. आणि जे कचेऱ्यांत खरेदीच्या कागदांवर सही करतात, त्यांनी पुढच्या निविदेत ‘डेटा कूटबद्ध असावा’ या ओळीखाली आणखी एक ओळ घालावी: किल्ली कुठे जन्मते, कोणाला दिसते आणि यंत्र जळल्यास कशी परत मिळते, हे पुरवठादाराने लेखी द्यावे.